धोट्याला झाळलेली कांडी

गेल्या कार्तिकांत आमच्या खाप्यांतील एका भजनी मंडळाच्या ‘इको’ची स्मृति गेली. ‘इको’ हें नांव आमच्याकडील लोकांचें. कारखानदाराच्या भाषेंत त्याला ‘डिजिटल इफेक्ट्स प्रोसेसर’ म्हणतात. गायकाचा आवाज ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वीं या चपट्या काळ्या पेटींतून जातो, आणि तेथें त्याला प्रतिध्वनि, घुमारा, कंप असे अलंकार चढविले जातात. आमची पेटी परदेशी, वयानें पस्तिशीच्या पलीकडची, एका मोडलेल्या वाद्यवृंदाकडून मंडळानें जुनी म्हणून विकत घेतलेली. तिचा आवाज आजही निर्दोष आहे. गेली ती फक्त स्मृति. आणि ती जाण्याचें कारण म्हणजे रुपयाच्या नाण्याहून लहान, दोन-तीन कप चहाच्या किमतीचा एक सेल.

या प्रसंगावरून नागपुरांतील एका मित्रांशीं माझा वाद झाला, आणि तो तोंडी वाद अपुरा राहिल्यामुळें हा लेखी प्रपंच. मित्र विद्युत्-शास्त्राचे पदवीधर, स्वभावानें सज्जन व युक्तिवादांत चिवट. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कारखानदारानें सेल झाळून बसविला तो विचार करूनच बसविला. सेल संपेपर्यंत यंत्राचें आयुष्यही संपलेलें असतें. तेव्हां रडत बसण्यापेक्षां नवी पेटी घ्यावी. हें मत त्यांचें एकट्याचें असतें तर मीं लेखणी उचलली नसती. पण शिकलेल्या घरांतून आज हेंच मत शहाणपण म्हणून चालतें. कानांत घालावयाचे बिनतारी बोंडे दोन वर्षांत बहिरे झाले, दाढीचें यंत्र थांबलें, मुलाचें खेळणें निजलें, तर आपण तें उघडून पाहात नाहीं. ‘त्याचें आयुष्य संपलें’ असें म्हणून मोकळे होतों, जणूं काय तें यंत्र आपल्या आयुर्मर्यादेसह ब्रह्मदेवानेंच निर्माण केलें होतें!

वादाला हात घालण्यापूर्वीं तो सेल त्या पेटींत करतो काय, हें सांगितलें पाहिजे. कारण पुष्कळांची समजूत अशी असते कीं, सेल संपला म्हणजे पेटी बंद पडते. तसें नाहीं. पेटी चालते ती भिंतींतील विजेवर. १९८० नंतरच्या दशकांत यामाहाच्या एसपीएक्स ९० सारखीं यंत्रें निघालीं, आणि ध्वनीचे आंकडे करून त्यांवर संस्कार करण्याची विद्या मोठ्या ध्वनिमुद्रणशाळांच्या बाहेर पडली. त्यापूर्वीं प्रतिध्वनि पाहिजे असल्यास चुंबकीय फितीची फेरी, पोलादी स्प्रिंग किंवा खरोखरीची रिकामी मोठी खोली लागे. नव्या यंत्रांत प्रतिध्वनीचें अंतर, घुमाऱ्याची लांबी, उंच स्वरांचा बोथटपणा हें सर्व आंकडेच. आणि वापरणारानें ठरविलेले आंकडे एका लहानशा स्मरण-चिपमध्यें ठेवले जात. या चिपवरील अक्षर पाण्यावरच्या रांगोळीसारखें असतें: वीज आहे तोंपर्यंत तें राहतें, वीज तुटली कीं पुसलें जातें. म्हणून पेटीचें बटण बंद असतांना चिपला जागी ठेवण्यासाठीं हा सेल. काम अगदीं हलकें. सेल तीन व्होल्टचा. दाब दोन व्होल्टपर्यंत उतरला तरी अशा चिपा आपला मजकूर बहुधा जपून ठेवतात. २०३२ या मापाच्या सेलांत सुमारें २२० मिलिअँपिअर-तास एवढा सांठा असतो. खर्च दोन मायक्रोअँपिअर धरला तर साध्या त्रैराशिकानें १,१०,००० तास, म्हणजे साडेबारा वर्षें येतात. आणि पेटी चालू असेल तेवढा वेळ तर सेलाला सुटीच असते. चिप अधिक काटकसरी निघाली तर हाच सेल वीस-पंचवीस वर्षेंही निभावून नेतो. ही कारागिरी खरोखर कौतुकास्पद आहे. ती करणाऱ्या हातांनींच शेवटीं सेलाला डाक देऊन तो कायमचा कां जखडावा, हा माझा प्रश्न आहे.

या सेलाशीं आम्हां खापेकरांचें एक दूरचें नातेंही लागतें. त्याच्या ‘सीआर २०३२’ या नांवांतील ‘आर’ म्हणजे गोल, ‘सी’ हें लिथियम व मँगनीज डायऑक्साइड या जोडप्याचें चिन्ह, २० हा मिलिमीटरांत व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. मँगनीज म्हटलें कीं खाप्याचा माणूस कान टवकारतो. कारण गुमगांवची मँगनीजची खाण आमच्या गांवालगतच आहे, आणि कन्हानच्या या कांठावर कित्येक घरांची चूल एका पिढींत मागावर तर दुसऱ्या पिढींत खाणीवर पेटलेली आहे. १८९६ मध्यें ब्रिटिश भांडवलानें येथील मँगनीजचा शोध घेणारी मंडळी उभी राहिली, आणि तिचीच वारस असलेल्या कंपनीकडून १९६२ मध्यें हा कारभार सरकारी भागीदारीच्या मॉइलकडे आला. खाणींतील बहुतेक माल पोलादाच्या भट्ट्यांकडे जातो. तथापि सेलांना लागणारें शुद्ध मँगनीज डायऑक्साइड विजेच्या साह्यानें तयार करण्याचा कारखानाही याच कंपनीनें भंडारा जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथें काढला आहे. आमच्या पेटींतील सेलांत आमच्या मातीचा कण होता असें मी म्हणत नाहीं. पण जो पदार्थ आपल्या पायाखालून निघतो, तो परत आपल्या हातीं येतांना उघडतां न येणाऱ्या डबींत बंद होऊन कां यावा, एवढें विचारण्याचा हक्क खाप्याला इतरांपेक्षां तसूभर अधिक आहे.

आतां जी स्मृति गेली ती कोणाची, तें सांगतों. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असूं, तरुणपणीं घरचा माग चालवीत. हातमागाचे दिवस फिरले तेव्हां त्यांनीं धोटा ठेवला आणि ध्वनिवर्धक भाड्यानें देणाऱ्याकडे नोकरी धरली. मंडळाची पेटी आली ती त्यांच्याच ताब्यांत. गाणें त्यांना येत नसे. पण टाळ वाजूं लागला कीं प्रतिध्वनि दोन ठोक्यांच्या मध्यें नेमका कोठें पडला म्हणजे कानाला गोड लागतो, हें त्यांना आंकड्यासह समजे. मिनिटाला शंभर ठोके अशी अभंगाची लय असेल, तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सहाशें मिलिसेकंद, आणि त्याचें निम्में तीनशें. पुस्तकी हिशेब येथें संपतो. दादा तीनशेंवर थांबत नसत. पखवाजी अंमळ मागें रेलून वाजविणारा असला तर ते तीनशें पंधरा करीत. पावसाळ्यांत देवळाच्या पत्र्यावर सरी कोसळूं लागल्या म्हणजे शब्द बुडूं नयेत म्हणून घुमारा आखूड करीत. कार्तिकांत पटांगणांतील भजनासाठीं स्मृतींत वेगळें घर, कीर्तनकारांसाठीं वेगळें, बायकांच्या मंडळासाठीं वेगळें. आमच्या म्हाताऱ्या बुवांचे दांत गेले व आवाज कांपूं लागला, तेव्हां दादांनीं त्यांच्यासाठीं एक घर असें कांहीं जुळविलें कीं, तो कांपरेपणा घुमाऱ्यांत विरून जाई. आणि आपल्या आवाजाला कोणी आधाराचा हात दिला आहे हें बुवांना अखेरपर्यंत कळलें नाहीं. अशीं बावीस घरें. पंधरा वर्षांचें काम. बुवा गेले, दोन वर्षांपूर्वीं दादाही गेले. पेटींत तीं घरें मात्र होतीं, आणि बुवांचें घर कोणी पुसलें नव्हतें.

पुढच्या प्रकारांत पहिला दोष माझाच. पेटी सुरू करतांना तिच्या कांचेवर सेल उतरल्याचा इंग्रजी इशारा चार-पांच महिने येत होता. मंडळांतील पोरांना वाटे कीं तें यंत्राचेंच नांव आहे. मला इंग्रजी वाचतां येतें. मीं तो वाचला आणि ‘दिवाळीनंतर पाहूं’ असें म्हटलें. दिवाळीनंतर पेटी शहरांतील एका दुकानांत गेली. दुकानदारानें झांकण काढलें, तापलेली सळई लावून जुना सेल उपटला, त्या जागीं नवा सेल तसाच डाक देऊन बसविला, आणि पैसे घेतांना मोठ्या समाधानानें सांगितलें, ‘भाऊ, एकदम साफ झाली. कंपनीतून आली तशी करून दिली.’ त्याच्यावर मी रागावलों नाहीं. आंत काय होतें हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि मीं त्याला सांगितलें नव्हतें. पण त्याच्या दुकानाची पायरी मला चढावी कां लागली? ज्या सेलाला हात लावण्यास तापलेली सळई लागते, त्याच्याजवळ माझ्यासारखा माणूस जाऊंच शकत नाहीं. आपल्या घरची वही परक्याच्या स्वाधीन करून त्यानें बाहेरच्या बांकावर बसून राहावें, अशीच ती योजना आहे.

मित्रांचा पहिला आक्षेप धक्क्यांविषयीं होता. अशा पेट्या गांवोगांव हिंडतात, ट्रकांतून आपटत जातात. कोंदणांत नुसता खोंचलेला सेल सैल होईल, झाळलेला होणार नाहीं. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें मी मान्य करतों. स्वस्त कोंदणाची पट्टी कालांतरानें खरोखरच ढिली पडते. परंतु यंत्राचा फ्यूज बहुधा कोंदणांतच असतो. तो धक्क्यानें निसटत नाहीं काय? घरोघरच्या संगणकांत मुख्य पाटीवर याच मापाचा सेल गेलीं कित्येक वर्षें उघड्या कोंदणांत बसत आला आहे, आणि तो बसवितांना कोणाचें आकाश कोसळलेलें नाहीं. सेलाला पट्ट्या व तारा जोडून त्या तारांच्या टोकांस खुंटीचा सांधा ठेवला, म्हणजे धक्क्याचेंही भय नाहीं आणि सळईचेंही काम नाहीं. उपाय होता, आणि तो कारखानदाराला ठाऊक होता. वाचविलेले कांहीं पैसे व उत्पादनांतील एक पायरी, एवढाच फरक.

‘फ्यूज जळतो, म्हणून तो बदलतां आला पाहिजे,’ असें मित्र म्हणाले. मग सेल काय अमर आहे? फ्यूज तर कदाचित् कधींच जळणार नाहीं. सेल मात्र ज्या दिवशीं बसविला त्याच दिवसापासून मरूं लागतो. वापरा, न वापरा, दरसाल थोडा झिजतोच. ज्याचें मरण अनिश्चित त्याच्यासाठीं दार, आणि ज्याचें मरण ठरलेलें त्याच्यासाठीं भिंत!

खाप्याच्या विणकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. धोट्यांत कांडी असते. कांडीवरचें बाण्याचें सूत संपतें. रिकामी कांडी काढून भरलेली बसविली कीं धोटा पुन्हां धांवूं लागतो. धोटा बापाच्या हातचा मुलाच्या हातीं येतो. कांड्या दिवसाकाठीं कितीतरी होतात. कांडी धोट्याला खळीनें चिकटवून देणारा सुतार गांवांत निघाला असता आणि ‘कांडी संपेल तेव्हां धोटाही जुना झालेला असेल’ असें त्यानें सांगितलें असतें, तर त्याला मागावर बसलेल्या बायांनींच हांसून वाटेला लावलें असतें. वाद्यें करणाऱ्यांचेंही तेंच शास्त्र आहे. तबल्याची पुडी फाटते, म्हणून ती वादीनें आंवळलेली असते. पखवाजाच्या धुमेला कणीक लावतात ती बैठकीपुरती, आणि बैठक संपली कीं खरवडून काढतात. मिरजेच्या कारागिरानें केलेल्या तंबोऱ्यांत घोडीवर तारेखालीं सुताचा एक लहानसा तुकडा असतो. सगळा झंकार त्या तुकड्यावर अवलंबून, आणि तोच तुकडा गवयाला बोटानें सरकवितां येतो, तुटला तर दुसरा घालतां येतो. हार्मोनियमचा स्वर बिघडला तर तो काढून घासतात. ज्यांनीं हीं वाद्यें केलीं त्यांना नाशवंत भाग कोणता व टिकाऊ कोणता हें ठाऊक होतें, आणि नाशवंत भागाची किल्ली त्यांनीं वाजविणाऱ्याच्या हातीं दिली.

सेलाबरोबर यंत्राचेंही आयुष्य संपतें, हें मित्रांचें म्हणणें मी एका वाक्यांत निकालांत काढतों: आमची पेटी आजही गात आहे.

‘पण गेलें काय?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. कारखान्यानें भरून दिलेल्या योजना निराळ्या, कायमच्या चिपमध्यें असतात. त्या जशाच्या तशा राहिल्या. गेले ते फक्त वापरणाराचे फेरफार. हा ‘फक्त’ मला फार लागला. छापील पंचांग राहिलें आणि घरची वही जळाली, तर ‘पंचांग तर आहे ना’ असें म्हणून कोणी समाधान करून घेतें काय? कारखान्याच्या योजना जगांतील प्रत्येक पेटींत सारख्याच. या पेटीला खाप्याची करणारे आंकडे दादांचे होते, आणि नेमक्या त्याच आंकड्यांना कारखानदारानें मरणाऱ्या सेलाच्या भरंवशावर ठेवलें. स्वतःचें लेखन दगडांत, ग्राहकाचें पाण्यावर! यांत दुष्ट हेतु असेल असें मी म्हणत नाहीं. त्या काळीं लिहितां-पुसतां येणारी कायमची चिप महाग होती. पण ग्राहकाचें लेखन पाण्यावर ठेवणें भाग होतें, तर निदान त्या पाण्यापर्यंत जाण्याचा घाट तरी बांधावयाचा होता.

मित्रांचा खरा धारदार मुद्दा याच्यानंतर आला, आणि त्यानें मला एक रात्र विचार करावयास लाविलें. ते म्हणाले, ‘समजा, कोंदण असतें. जुना सेल काढतांक्षणींच वीज तुटली असती आणि स्मृति तशीही गेलीच असती. मग डाक काय आणि कोंदण काय?’ हें अगदीं बरोबर आहे. पेटी चालू ठेवूनच सेल बदलावा म्हणजे चिपला भिंतींतील वीज मिळत राहील, हें खरें. पण झांकण काढलेल्या चालू पेटींत घरच्या विजेचा पूर्ण दाब उघडा असतो, आणि तेथें कोणी बोट घालावें असें मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाहीं. तेव्हां नुसतें आंतलें कोंदण पुरे नाहीं, हें मी कबूल करतों. माझी मागणी त्यामुळें कमी होत नाहीं, वाढते. सेलाला पेटीच्या पाठीवर, बाहेरून उघडणारें दार पाहिजे. घड्याळाला तें आहे. पेटी चालू, दार बाहेर, सेल बदलला, एक अक्षर पुसलें गेलें नाहीं. ज्या जुन्या पेट्यांना असें दार नाहीं, त्यांच्यासाठींही जाणते कारागीर एक युक्ति करतात: पेटीची दोरी भिंतींतून काढून, दोन पेन्सिल-सेलांची तीन व्होल्टची जोडी एका डायोडमधून चिपच्या वाटेवर तात्पुरती लावतात, जुना सेल काढतात, नवा बसवितात, मग ती जोडी सोडवितात. डायोडांत थोडा दाब खर्च होतो, तरी उरतो तो दोन व्होल्टच्या वरच असतो. आणि डायोड असल्यामुळें एका सेलाची वीज दुसऱ्यांत उलटी शिरत नाहीं. शिवाय बहुतेक यंत्रांना मिडीची खोबण असते, आणि ज्या यंत्रांत तशी सोय केलेली आहे त्यांतील सगळी स्मृति तिच्यावाटे संगणकांत उतरवून ठेवतां येते. हें सर्व मला आतां माहीत आहे. ज्या दिवशीं माहीत असावयास पाहिजे होतें त्या दिवशीं नव्हतें.

लहान मुलें असे सेल गिळतात, म्हणून ते बंदच बरे, असेंही कोणी म्हणेल. ही भीति खरी आहे. वीस मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेंत अडकला तर दोन तासांच्या आंत तेथें भाजून जखम होऊं शकते. पण त्याला औषध स्क्रूचें दार हें आहे. मुलाला उघडतां येत नाहीं आणि बापाला येतें, असें झांकण करणें एवढें कठीण नाहीं.

नव्या यंत्रांत फ्लॅश जातीची स्मृति असते, तिला सेल लागत नाहीं, म्हणून हा वाद शिळा झाला, असें मित्रांनीं शेवटीं सुचविलें. स्मृतीपुरतें तें खरें आहे. पण डाक देण्याची खोड गेली काय? उलट ती पसरली. पूर्वीं सेल मेला तर आठवण जाई. आतां बिनतारी उपकरणांत सेल मेला कीं उपकरणच जातें, आणि तें उघडावयास गेल्यास गोंद व सांधे असे कीं कवटी फुटल्यावांचून मेंदू दिसत नाहीं. युरोपांत या खोडीला कायद्यानें हात घातला आहे. तेथील २०२३ च्या बॅटरी-नियमांप्रमाणें १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारांत येणाऱ्या लहान उपकरणांतील बॅटरी, कांहीं अपवाद सोडून, वापरणाराला स्वतः काढतां व घालतां आली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्यें ग्राहक-व्यवहार खात्यानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक माहितीचें दालन उघडलें. त्याच वर्षीं बॅटरीच्या कचऱ्याविषयींचे नियमही झाले. दालनांत माहिती मिळते. सेलाला दार ठेवण्याची सक्ति त्यानें होत नाहीं. कचऱ्याचे नियम वस्तु मेल्यानंतर सुरू होतात. अंत्यविधीची व्यवस्था झाली, पण वैद्य घरांत येऊं देण्याची नाहीं.

आतां दोन शब्द आपल्याच बाजूच्या लोकांना. जुन्या यंत्रांचे कांहीं शौकीन असे आहेत कीं, त्यांना मूळ पाटीवर कोंदण बसविणें म्हणजे मूर्तिभंग वाटतो. कारखान्यांतून आला तसाच, त्याच जातीचा, त्याच पट्ट्यांचा सेल त्याच जागीं झाळावा, म्हणजे यंत्राचें ‘मूळपण’ राहतें. या भक्तांना मी विचारतों, मूळ कारागिरानें केलेली चूक जपणें ही कसली भक्ति? आणि त्याहून घातक ती कांहीं कारागिरांची घाई. पट्ट्या जोडलेला सेल मिळाला नाहीं कीं ते सळई थेट सेलाच्या तोंडावर टेंकतात. कथिल-शिशाची डाक १८३ अंशांच्या आसपास पातळ होते, आणि सेलांतील लिथियम १८०.५ अंशांवर वितळतें. म्हणजे डाक जेथें वाहूं लागते त्याच्या अलीकडेच सेलाचें काळीज पाणी होतें, आणि सळईचें टोंक तर त्याच्या जवळजवळ दुप्पट तापलेलें असतें. सेल फुगतो, कधीं फुटतो. फुटला नाहीं तरी अर्धमेला होऊन यंत्रांत बसतो, आणि वर्षा-दोन वर्षांत तोच खर्च पुन्हां.

आमच्या पेटीचें हेंच झालें होतें. शंका आल्यावरून मीं ती सावनेरच्या एका तरुण कारागिराकडे नेली. त्यानें झांकण काढून दाखविलें: नव्या सेलाच्या पाठीवर डाकेचा फुगीर ठिपका, आणि मापकावर अडीच व्होल्टच्या जरा वर आंकडा. त्यानें तो सेल काढला. पाटीवरील जुन्या भोंकांत दोन तारा लावून त्या पेटीच्या कडेपर्यंत आणल्या, तेथें कोंदण पक्कें केलें, धन-ऋण दोनदां पाहिलें, आणि नवा सेल घातल्यावर माप वाचून दाखविलें. मग झांकणाच्या आंतल्या बाजूस एक चिठ्ठी चिकटवून तीवर तारीख लिहिली. सगळा खर्च शहरांतील दुकानाच्या निम्म्याहून कमी. जातांना तो म्हणाला, ‘काका, आकडे वहीत लिहून ठेवा.’ पस्तीस वर्षांत पेटीसंबंधीं मला मिळालेला हा पहिला उपयुक्त सल्ला. त्या जाडजूड माहितीपुस्तकांत तो असेल तर तें पुस्तक आम्हांपर्यंत कधीं आलेंच नव्हतें.

वही केली आहे. तींत सध्यां सहा घरें आहेत. मंडळांतील एका मुलाच्या फोनमध्यें तीन वर्षांपूर्वींच्या काकड-आरतीचें ध्वनिमुद्रण सांपडलें. संगणकावर टाळाचा ठोका व त्याचा प्रतिध्वनि यांतील अंतर मोजलें तें ३१५ निघालें, आणि बसलेले सगळे एकदम गप्प झाले. कीर्तनाचें घर अजमासानें जुळविलें. तें कांहींसें कोरडें आहे. पावसाळ्याच्या घराबद्दल पखवाजी आणि मी यांचा अद्याप वाद चालूं आहे. बुवांच्या घराचें मुद्रण आहे, पण घुमाऱ्यांत विरलेला कंप मापकानें वेगळा काढतां येत नाहीं. त्या क्रमांकाची जागा रिकामी आहे.

माझ्या मित्रांना या लेखाचें उत्तर द्यावयाचें असल्यास संपादकांनीं त्यांना हवी तेवढी जागा द्यावी, ही विनंती. त्यांच्या दिवाणखान्यांत एक भिंतीवरचें घड्याळ आहे; गेल्या खेपेस मी गेलों तेव्हां तें थांबलेलें होतें, आणि आमचा वाद चालूं असतांनाच वहिनींनीं स्टुलावर चढून, पाठीमागची डबी उघडून, त्यांत नवा सेल घातला. उत्तर लिहितांना त्या घड्याळाविषयीं दोन ओळी त्यांनीं अवश्य लिहाव्यात.